खरं रँडम

घड्याळांच्या कारखान्यातून सुटे भाग गायब व्हायला लागले, तेव्हा साहेबांनी गेटवर रँडम तपासणी लावली. रोज सुटीच्या वेळी बरणीतून एक चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिची पिशवी उघडायची.

सोमवारी पॅकिंगवाल्या ताईंचं नाव निघालं आणि मंगळवारीही त्यांचंच. ताई कडाडल्या, "लागोपाठ दोनदा? याला रँडम म्हणतात होय? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

वॉचमनकाका वरमले. एकदा निघालेली चिठ्ठी महिनाभर बरणीत परत टाकायचीच नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

"हं, आता झालं खरं रँडम!" ताई म्हणाल्या.



बुधवारपासून ताईंचा जेवणाचा डबा येताना हलका आणि जाताना जड असायचा.