खरखर

बल्गेरियाच्या रूसे शहरातल्या नेवेनाचा थोरला मुलगा ल्यूबेन देश सोडून पळाला आणि परदेशी रेडिओवर बल्गेरियन बातम्या वाचू लागला. ती रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायची, पण नेमकी त्याच वेळी खरखर सुरू व्हायची.

"कोण मेला हे करतो रे? त्याला काय आई नाही?"

"बंद कर ते, आई!" कामाची पाळी नसेल त्या संध्याकाळी घरी असलेला धाकटा राद्को चिडायचा. कारखान्यात जातो असं तो घरी सांगायचा. खरं तर लोकांना ऐकू येऊ नये म्हणून परदेशी रेडिओ केंद्रांवर खरखर सोडायची सरकारी नोकरी त्याचीच होती.

ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी, आईच्या नामदिनी, म्हणजे तिच्या नावाच्या सणाला, पाळीवर असताना त्याला राहवलं नाही. बातम्या संपेपर्यंत त्याने खरखरीचं यंत्र बंद ठेवलं. ल्यूबेनचा आवाज गावभर स्वच्छ ऐकू गेला. साहेबांनी राद्कोला तिथल्या तिथे काढून टाकलं, सकाळी पोलीस येतील म्हणाले. तरी तो धावतच घरी आला.

"आई, ऐकलंस?"

"काय रे?" मासा वाढता वाढता ती म्हणाली. "तू जेवायला केव्हाही येशील म्हणून रेडिओ आज लावलाच नाही. त्या खरखरीने तुझं डोकं उठतं ना? म्हटलं, सणाच्या दिवशी तरी माझ्या राद्कोला निवांत जेवू दे."