आडवा हात

"पाहुण्या बाई दुसऱ्यांदा वाढायला आल्या, की ताटावर हात आडवा धरायचा," असं आश्रमाच्या मावशींनी आम्हाला बजावलं होतं. गेल्या वर्षी 'अजून वाढा' म्हणालेल्या मुलीला त्यांनी दोन दिवस उपाशी ठेवलं होतं.

बाई शिऱ्याचं पातेलं घेऊन पुन्हा पंगतीत आल्या. सगळ्या मुलींनी हात आडवे धरले. माझ्या पाच वर्षांच्या बहिणीने मात्र ताट पुढे सरकवलं. "मला अजून हवाय."

मावशी भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या. मी झटकन तिच्या ताटावर माझाच हात धरला. "उगाच म्हणतेय, बाई. पोट भरलंय तिचं."

बाई हसून पुढे गेल्या.

संध्याकाळी जेवताना मी पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला. धाकटीने घाईघाईने दोन्ही हातांनी आपलं ताट झाकून घेतलं.