अळीला पाय किती

टब उपडा होता. पावडरनं लख्ख घासून मागच्या दारात उन्हाला लावलेला. कॉलेजातून आलेली अवंतिका खांद्यावरची पिशवीही न काढता त्याच्यासमोर मटकन बसली.

"आत्ती, ह्यातलं पाणी?"

"ओतलं की गटारात." सासूबाई, म्हणजे अंबूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डेंग्यूवाल्या बायका घरोघर पाणी तपासत आलेल्या, शेजारची पोरगी दवाखान्यात सलाईनवर, आणि आपल्याच घरात फडक्याखाली अळ्या वळवळतायत. त्या बायकांनी बघितलं असतं तर शिवाजी पेठेत तोंड दाखवायला जागा राहिली असती का?

झालं कल्याण. आता ह्या बाईला सांगायचं तरी काय, आणि कुठून! तीन वर्षांचं संशोधन त्या टबात होतं. गगनबावड्याच्या ओढ्यात दगड उलथून उलथून गोळा केलेली, मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची पिल्लं. नुसत्या पिल्लावरून जात ठरत नाही, पंख फुटलेला किडा दाखवा, मगच प्रबंध पुढे पाठवतो, असं सरांनी बजावलेलं. आज सकाळी पिल्लांच्या पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या होत्या, म्हणजे आजच पंख फुटणार. आणि नेमके आजच हिचे कॉलेजात तास. असली तयार पिल्लं आता पुढच्या हंगामातच मिळायची.

अवंतिकाचा तोल सुटला. डासाच्या अळीला पायच नसतात, हे तिनं सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं सांगितलं. ह्यांना सहा पाय, प्रत्येक पायाला एकच नखी, पोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारखे कल्ले, मागं तीन लांब शेपट्या. "एकदा वाकून बघायचं तरी होतं, आत्ती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

अंबूबाईंनी तवा खाली उतरवला. सुनेचा असला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, पंख फुटल्यावर बी त्या शेपट्या राहत्यात काय?

राहतात, अवंतिका म्हणाली.

"मग एक उडालतं गं. फडकं काढलं तसं आत आलं, ह्या भिंतीवर बसलं. पंख असं उभं जोडून."

अवंतिका ताडकन उठली. "कुठंय?"

अंबूबाईंनी खुंटीवरची डास मारायची बॅट काढली, दाराच्या उजेडात धरली आणि वाकून जाळीत बघितलं.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "तीनच हायत."