घसा लावून बघा

घरगुती उपाय सुचवणाऱ्याने आधी पेशंटचा घसा लावून बघायचा, असा वॉर्डाचा नियम होता. पेशंटशी जोडलेला पट्टा गळ्यात अडकवला की रेडिएशनने सोललेल्या घशाची आग पाच मिनिटं त्याच्याही घशात.

आज गिळता आलं नाही, तर उद्या सुलभाताईंच्या नाकात नळी जाणार होती.

"आल्याचा कडक काढा," दत्ताभाऊजी पट्टा लावून ठामपणे म्हणाले. एका घोटानंतर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"भाऊजी, कप भरलेलाच आहे," सुलभाताईंनी पाटीवर लिहिलं.

आणखी अकरा नातेवाईक असेच भिंतीपाशी गेले. मग धाकट्या जावेने, वृंदाने, पट्टा लावला, मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरली आणि तूप घातलेलं गार खिमट निवांत गिळलं.

सुलभाताईंनी तिच्या हातातली वाटी ओढली आणि चाटूनपुसून संपवली. सिस्टरने नळी परत पाठवली.

पंधरा दिवसांनी सुलभाताईंना आवाज फुटला. "वृंदा, खिमटाला जुना तांदूळ घ्यायचा असतो."