बॉनेटवरचं कुंकू

"रंग बाकी गाडीशी जुळत नाही, हे बॉनेट या गाडीचं नाहीच," जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातल्या परीक्षकबाई म्हणाल्या, आणि उदयसिंहांच्या मस्तकात तिडीक गेली.

"आजोबांनी विलायतेहून आणलेली गाडी आहे ही! तुम्हाला रंगातलं काय कळतंय?"

बाई ढळल्या नाहीत. "दसऱ्याला गाडी पुजता ना?"

"आईसाहेब स्वतः पुजतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. एकही दसरा चुकलेला नाही."

"मग डाग कुठंय? जुना रंग कुंकू पितो, ते पुसून जात नाही. डाग असता, तर अस्सल गाडी म्हणून पहिलं पदक तुमचंच होतं."

गेल्याच आठवड्यात तो डाग घालवायला उदयसिंहांनी बॉनेट रंगवून घेतलं होतं. गाडीची रया घालवली म्हणून आईला नोकरांदेखत गावंढळ म्हटलं होतं.

आता ते शेजारीच खुर्चीत बसून सगळं ऐकणाऱ्या आईकडे धावले. "आईसाहेब, सांगा यांना. बॉनेट हेच आहे, इथं कुंकवाचा डाग होता."

आई उठून आली. तिनं चकचकीत बॉनेटवरून सावकाश बोट फिरवलं.

"कसला डाग? माझ्यासारख्या गावंढळ बाईला रंगातलं काय कळतंय?"