कोरडा ब्रश

“नुसता टूथब्रश चालणार नाही,” देवस्थळी मॅडम म्हणाल्या. “नेमका हाच का, ते सांगता आलं पाहिजे.”

“हा बाबांचा आहे. ते वेगळे राहायला लागून दोन वर्षं झाली, तरी आमच्या बेसिनवरच्या ग्लासात हा आहेच.”

अकरावीला ‘थिअरी ऑफ नॉलेज’ म्हणून विषय होता, आपल्याला जे कळतं ते कशावरून, हे तपासणारा. त्याच्या प्रदर्शनासाठी मी प्रश्न घेतला होता, चांगला पुरावा कशाला म्हणायचं? तीन वस्तू मांडायच्या आणि नंतर त्यांवर निबंध लिहायचा होता. माझ्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे, सोसायटीच्या कॅमेऱ्यातला फोटो आणि हा ब्रश. त्याच्या कार्डावर मी लिहिलं, ‘आई रोज ग्लास विसळते आणि हा कोरडा ब्रश पुन्हा त्यात ठेवते. म्हणजे ती अजून बाबांची वाट बघते.’ घरी हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

प्रदर्शनाला आई ऑफिसमधून परस्पर आली. तिने कार्ड दोनदा वाचलं.

“अगं, तो मी तुझ्यासाठी ठेवला होता,” ती म्हणाली. “टाकला तर तुला वाईट वाटेल म्हणून. मला कशाला हवाय?”

“मलाही नकोय.”

मॅडम शेजारीच होत्या. “पुरावा खरा, निष्कर्ष चुकीचा. निबंधात हेच लिही,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईनेच ब्रश कचऱ्याच्या डब्यात टाकला. घरात आम्ही दोघीच. जेवलो, टीव्ही पाहिला, झोपलो.

सकाळी ब्रश ग्लासात होता, धुतलेला, अजून ओला. मी ठेवला नव्हता.