छत्रीचा काठ

"आई, छत्री मागे घे. काठ येतोय फोटोत."

"येऊ दे की जरा. तिलाही हौस असेल."

"नको. तू बाहेर राहा."

आई हसून अर्धं पाऊल मागे सरकली. दर शनिवारी बाजारात हेच चाले. लेक आधी फोटो घेई, मग स्टुलावर बसून तेच माणूस कागदावर उतरवी. उन्हात पांढरा कागद डोळ्यांत खुपतो, म्हणून आई तिच्यावर छत्री धरून तासन् तास उभी. लिंबूवाली लांबूनच ओरडे, "आली बघा राणीसरकारांची स्वारी!"

त्या दिवशी आई कानाशी पुटपुटली, "हिला तीनदा काढलंस. माझ्या तोंडाला काय धाड भरलीय?"

"तू काय, घरचीच. काढेन कधीतरी."

सोमवारी सकाळी आई गेली. आजारी नाही, काही नाही. गॅसवर दूध ठेवलं, ते उतू जाईपर्यंतही थांबली नाही.

धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, भिंतीवर लावायला एक फोटो दे. तुझ्याकडे काय, ढीग असेल."

तिने चार वर्षांचे शनिवार उपसले. लिंबूवाली होती, सुऱ्यांना धार लावणारा होता, तराजूच्या पारड्यात झोपलेलं मांजर होतं. आई नव्हती. म्हणजे, कोपऱ्यात काळ्या छत्रीचा काठ होता. एकदा दांड्यावरची तीन बोटं. बाकीचं तिनेच कापून टाकलं होतं.

शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात आई कुणाचीच आई वाटत नव्हती.

महिन्याभराने ती बाजारात गेली. एकटीच, आईची काळी छत्री घेऊन. लिंबूवालीने सवयीने तिच्या मागे पाहिलं. मग आपल्या बुडाखालचं खोकं काढून पुढे सरकवलं.

तिने खोक्यावर छत्री उघडून ठेवली आणि स्टूल ओढून छत्रीच्या समोर बसली. कागदावर ऊन आलं. काही दिसेना. पेन्सिल तशीच हातात राहिली.

"आई," ती भर बाजारात मोठ्याने म्हणाली, "आत ये."